हात मोजणारी

तोंड आवरलं असतं तर ही बाई केव्हाच कायम झाली असती, असं स्टाफरूममध्ये सगळेच म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे. समोर म्हणायची कुणाची टाप होती? मुलांनी तिचं नाव मिरचीमॅडम ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं की एकदा खुद्द प्राचार्यांच्या तोंडून निसटलं. प्राचार्यांचा चेहरा पडला. ती म्हणाली, "मिरची म्हणा सर, चालेल. फक्त फोडणीपुरती वापरू नका."

वापर मात्र फोडणीपुरताच चालला होता. ती अर्थशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्याचे पैसे, सुट्टीत हवा खायची. वर्ष संपलं की घरी बसवायचं, कॉलेज उघडलं की नव्यानं घ्यायचं. त्यामुळे माणूस कितीही वर्षं राबला तरी कागदावर कालच आलेला. "आम्ही दरसाल नव्या नवऱ्या," ती म्हणायची, "आणि भांडी घासायला मात्र जुन्या."

भांड्यांचं तिला कुणी सांगायला नको होतं. तिची आई याच कॉलेजच्या वसतिगृहात भांडी घासायची. पोरगी मोरीशेजारच्या पायरीवर बसून अभ्यास करायची आणि आई मधूनमधून ओल्या हातानं तिच्या पाठीत धपाटा घालायची, "वाच, नाहीतर ये इकडं!" राग आईकडून आला होता. मान खाली घालून काम करायची सवय काही आली नाही.

कायम प्राध्यापकांची एक संघटना होती. ती महिन्यातून एकदा चहा प्यायची आणि वर्षातून एकदा निवेदन द्यायची. मिरची त्यांच्याकडे गेली तेव्हा अध्यक्ष गोड हसले. "मॅडम, तुम्ही तर पाहुण्या."

"पाहुण्याला कुणी बैलासारखं जुंपतं का हो?"

त्या दिवसापासून तिनं तासवाल्यांची वेगळी संघटना बांधायला घेतली. लोक घाबरायचे. स्वच्छतागृहात गाठून, पार्किंगमध्ये गाठून, एकेकाच्या घरी जाऊन तिनं माणसं जमवली. शिवाय दोन नियम घालून दिले. पहिला, मतदान हात वर करून, चिठ्ठ्या नाहीत. "चिठ्ठीत माणूस उंदीर होतो," ती म्हणाली. दुसरा, अध्यक्षानं ठरावावर बोलायचं नाही, मत द्यायचं नाही, फक्त हात मोजायचे. कायमवाल्यांचा अध्यक्ष शेवटी उठून भाषण ठोकायचा आणि सगळ्यांच्या माना आपल्याकडे फिरवायचा, ते तिनं पाहिलं होतं. तिलाच एकमतानं अध्यक्ष केलं, तेव्हा खेळाचे सर ओरडले, "मॅडम, न बोलणं तुम्हाला जमेल का?" सगळी खोली हसली. तीही हसली.

मग तो पेपर आला.

प्रश्न तिनं पुस्तकातलाच काढला होता. जिथे काम मागणारे पुष्कळ आणि काम देणारा एकच, तिथे मजुरी कशी ठरते, ते आपल्या परिसरातलं उदाहरण देऊन स्पष्ट करा. दरवर्षी मुलं कुठली तरी खाण, कुठला तरी कारखाना लिहून मोकळी होत. त्या वर्षी काय वारं सुटलं कोण जाणे, निम्म्या वर्गानं आपलंच कॉलेज लिहिलं. गावात कॉलेज एक, शिकवणारे ढीगभर, म्हणून तासाचा दर कॉलेज म्हणेल तो. एका पोरानं तर खाली आकृती काढली होती, आणि ती बिनचूक होती.

तिनं वर्गात कॉलेजचं नावही काढलं नव्हतं. पण विश्वास कोण ठेवणार? एकदा तोंड बदनाम झालं की माणसाचं गप्प बसणंही कारस्थान ठरतं. मुलं आंधळी नव्हती, एवढंच. तिनं उत्तरं वाचली, बरोबर होती, गुण दिले.

ही उत्तरं संस्थेच्या संचालकांच्या कानावर गेली आणि त्यांनी बोलावून घेतलं. माणूस मऊ. आवाज कधी चढवायचा नाही, दार कधी आपटायचं नाही.

"मॅडम, प्रश्न सदोष होता आणि गुण चुकून दिले गेले, एवढं लिहून द्या. सगळ्यांना सरसकट गुण देऊन टाकू. मुलांचंही नुकसान नको."

"चुकलंय कुठं ते दाखवा."

"मी काही अर्थशास्त्राचा माणूस नाही."

"मग तपासायचं काम माझ्याकडे राहू द्या."

तिनं लिहून दिलं नाही. संचालकांनीही पुन्हा मागितलं नाही. मऊ माणूस विसरत नसतो, हे तिला कळायला हवं होतं.

पण त्याच दिवसांत संघटनेनं खरी मान वर काढली होती. तासवाल्या शिक्षकांनी उत्तरपत्रिका तपासल्या, पण गुण ऑफिसात भरलेच नाहीत. आधी चर्चा, मग गुण. निकाल अडला. पालक फाटकाशी यायला लागले. आजवर ज्यांना खुर्ची मिळत नव्हती त्यांच्यासाठी संचालकांच्या खोलीत लांब टेबल लागलं, पाण्याचे ग्लाससुद्धा झाकून ठेवलेले. मिरचीनं मागण्यांचा मसुदा ठेवला. जुन्या शिक्षकांना टप्प्याटप्प्यानं कायम करा, सोबत नावांची यादी. दरवर्षीचं घरी बसवणं बंद करा. आणि शेवटी तिनं एकटीनं बसून लिहिलेलं कलम होतं, काय शिकवायचं, काय विचारायचं आणि किती गुण द्यायचे हे शिकवणारा ठरवील, ऑफिस नाही.

घासाघीस होत होत गाडी शेवटाला आली. संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाकी सगळं मान्य. शेवटचं एक कलम काढा आणि यादीतलं एक नाव. निकाल पुन्हा कधी अडणार नाही, एवढं लिहून द्या. संघटनेला विचारा, घाई नाही."

नाव कुणाचं ते त्यांनी सांगितलं नाही. टेबलाभोवतीच्या प्रत्येकानं आपापल्या ग्लासातलं पाणी प्यायलं.

सभा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. दुसरी खोली द्यायला प्राचार्यांना सवड नव्हती. उंच स्टुलांवर सगळे अवघडून बसले होते. मिरची फळ्याशी उभी राहिली. मसुदा वाचून दाखवला, अट वाचून दाखवली, आणि आपल्याच नियमाप्रमाणे गप्प झाली.

खेळाचे सर पहिले उठले. "हे बघा, आधी आत शिरू. एकदा आत गेलो की मॅडमना ओढून घेऊ. सगळेच बाहेर राहिलो तर ओढणार कोण?"

"अगदी!" मागून कुणीतरी म्हणालं.

मग धाकटी उठली. धाकटी म्हणजे अर्थशास्त्राचीच, मिरचीच्या हाताखाली तयार झालेली. तिला पहिला तास कसा घ्यायचा इथपासून ऑफिसातल्या लोकांना कसं झाडायचं इथपर्यंत सगळं मिरचीनं शिकवलं होतं. तिच्या बाळंतपणात तिचे तास मिरचीनं फुकट घेतले होते, म्हणून तर तिची जागा राहिली. धाकटीचे डोळे भरले होते. "मॅडमचे उपकार मी या जन्मात फेडू शकत नाही. पण मॅडमच आम्हाला सांगत आल्यात, संघटना म्हणजे एक माणूस नाही. आज आपण एका माणसासाठी सगळं घालवलं, तर त्यांनाच आवडणार नाही."

मिरचीच्या जिभेवर जे आलं ते तिनं दातांखाली धरलं. आपलीच वाक्यं परक्या तोंडून आपल्यावर चालून येतात तेव्हा त्यांना उत्तर सापडत नाही, आणि सापडलं असतं तरी तिला बोलायचं नव्हतं.

"मॅडम, तुम्ही सांगा ना काहीतरी," खेळाचे सर म्हणाले. तिनं "घ्या, माझी हरकत नाही" म्हणावं, आणि सगळ्यांना रात्री झोप लागावी, एवढीच त्यांची मागणी होती.

"अध्यक्षाला मत नसतं," ती म्हणाली.

कोपऱ्यातले होयबा सर उठले. भाषा शिकवायचे. कुणीही काही म्हटलं की "होय, होय" म्हणायचे, म्हणून नाव होयबा. नाव मिरचीनंच ठेवलं होतं आणि ते सरांनाही माहीत होतं. "मला वाटतं," सर म्हणाले, "हे बरोबर नाही." आणि खाली बसले.

"तुमचं काय जातंय सर! पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त!" खेळाचे सर म्हणाले. एक-दोघं हसले.

"अट मान्य करून करार करावा, या बाजूनं हात," मिरची म्हणाली.

हात वर गेले. काही झटकन, काही शेजाऱ्याकडे बघून. बहुतेकांनी नजर टेबलावरच्या नळांकडे वळवली. तिनं शेवटच्या रांगेपासून मोजायला सुरुवात केली. एकेका हाताला ती ओळखत होती. कुणाच्या घरी जाऊन आणलेला, कुणाच्या नवऱ्याशी भांडून आणलेला. धाकटीचा हात पुढच्याच रांगेत होता. तो मोजताना मिरचीचा आकडा चुकला आणि तिला पुन्हा मागून सुरुवात करावी लागली. तोवर सगळ्यांना हात वर धरून ठेवावे लागले, एवढीच काय ती शिक्षा.

"विरोधात?"

होयबा सरांनी हात उचलला, कोपर टेबलावरच टेकलेलं, लघवीला जायची परवानगी मागावी तसा.

"सर, नीट वर करा. मोजता येत नाही." सरांनी कोपर उचललं. तिनं फळ्यावर एक लिहिला. "ठराव मंजूर."

तिचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. त्यानं मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं, सुई दातात धरून.

"सगळ्यांची मापं घेतलीस," तो म्हणाला, "कापड तुझंच कमी पडलं."

"अहो, जोडे मारायचे तर सरळ मारा."

"जोडे कसले. अगं, दोन ओळी लिहून दे ना त्या माणसाला. चुकले, म्हण. मी रोज दहा गिऱ्हाइकांना चुकलो म्हणतो, कापड त्यांनीच कमी आणलेलं असतं."

"उत्तर बरोबर होतं."

"होतं ना. मग ते बरोबरच राहील. तू चूक म्हटल्यानं ते चूक होतंय का?"

"त्या पोराला चुकलास म्हणायचं. बरोबर लिहिल्याबद्दल."

"त्या पोरालासुद्धा आता आठवत नसेल." त्यानं दातातली सुई काढून कापडात टोचली. "या वयात तुला दुसरं कोण घेणार? गावात दुसरं कॉलेज आहे का?"

त्यानं मशीन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी संघटनेच्या वतीनं सही करायला तीच गेली. संचालकांनी तिला बसवलं, चहा मागवला आणि कराराशेजारी एक कोरा कागद ठेवला.

"अजून वेळ गेलेली नाही. दोन ओळी लिहा, नाव आत घालतो. मला तुमच्याशी वैर नाही, मॅडम. तुमच्यासारखं शिकवणारं माझ्याकडे कुणी नाही, हे मलाही कळतं."

तिनं पेन उचललं. कुठल्या कागदासाठी, हे क्षणभर तिलाही ठरवता आलं नाही. कोरा कागद जवळ होता. नवऱ्याची सुई तिच्या डोळ्यांपुढं आली, मग आईचे ओले हात आले, आणि या खोलीबाहेर आपण कोण उरतो, असा प्रश्न आला.

"कलम परत घालता?"

"ते नाही."

"मग नाव घेऊन काय करू? उद्या दुसऱ्या उत्तराला चूक म्हणायला लावाल."

तिनं करारावर सही केली. पानागणिक केली, प्रत्येक पान वाचून. चहा तसाच ठेवला.

बाहेर व्हरांड्यात घोळका उभा होता. "झाली?" खेळाचे सर म्हणाले. तिनं मान हलवली आणि टाळ्या वाजल्या. कुणीतरी मोबाईल काढला. "मॅडम, या ना, मधे या."

"फोटोत कायम माणसं असू द्या."

"असं काय बोलता! मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वेळी आम्ही आहोत की तुमच्यासाठी."

"काय कराल? गुण अडवून धराल?"

खेळाचे सर गोंधळले. "नाही... म्हणजे, ते आता कलमात आहे ना, मॅडम. निकाल अडवायचा नाही."

"वाचलंय मी," ती म्हणाली. "सही माझीच आहे."

वर्ष संपेपर्यंतचे तास अजून तिचेच होते. तेवढे तरी घ्यावेत म्हणून ती जिना चढून वर्गाकडे गेली. दार लोटलेलं होतं आणि आतून शिकवण्याचा आवाज येत होता. तिनं ढकलून पाहिलं. फळ्याशी धाकटी उभी होती, हातात खडू.

धाकटी घाईनं दाराशी आली. "मॅडम, मी सांगणारच होते तुम्हाला. ऑफिसनं आजपासून तुमचे तास मला दिलेत. तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून..."

"कधी सांगितलं तुला?"

धाकटीनं खडूकडे पाहिलं. "परवा."

सभा काल झाली होती.

"मॅडम, मी काय करू शकत होते? मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणाला दिले असते."

मिरचीच्या तोंडाशी सगळं आलं. काल दाबलेलं आलं, पंधरा वर्षांचं आलं. आता तर ती अध्यक्ष म्हणून उभी नव्हती, बोलायला कुठल्या नियमाची आडकाठी नव्हती. पण समोरच्या त्या पोरीला सुनावण्यासारखं जे होतं, ते सगळं तिला मिरचीनंच शिकवलेलं होतं.

तेवढ्यात मागच्या बाकांवरच्या मुलांनी तिला पाहिलं. कुणीतरी "मॅडम" म्हणालं आणि अर्धा वर्ग उभा राहिला.

धाकटीनं वळून पाहिलं. "बसा," ती म्हणाली. "बसा, बसा."

मुलं बसली.