कूलरची ओल आणि माझे तीन कट्टे

आमच्या रिसोडच्या घराला उन्हानं कधी काही केलं नाही. जे केलं ते माझ्या सासऱ्यांच्या कूलरनं केलं.

कूलर खिडकीत बसवायचा असतो, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढतो. समोरची एखादी खिडकी उघडी ठेवायची असते, म्हणजे ओली हवा निघून जाते. एवढं साधं. पण सासऱ्यांनी तो लोखंडी स्टँडवर बैठकीच्या मधोमध मांडला, खिडक्या कड्या घालून लावल्या आणि दाराच्या फटीत आपलं जुनं धोतर कोंबलं. मी कडीला हात लावला रे लावला, की पलंगावरून गर्जना व्हायची.

"लाव ते! गारवा सारा भाहीर चालला न!"

"मामाजी, हवा कोंदून राह्यली. भिंती पाहा."

"भिंतीले काय होते? भिंतीले कायी ऊन लागते काय? मले लागते."

दुपारी दोननंतर त्या बैठकीत गारवा नावाला नसायचा, नुसती चिकचिक. चादरी ओलसर, पापड वातड, मिठाच्या बरणीत पाणी. काडेपेटीच्या चार काड्या मोडल्या की पाचवी पेटायची. भिंतीच्या रंगाला फोड यायचे, फोडांचे पोपडे व्हायचे आणि ते मी झाडायचे. दार फुगून चौकटीत अडकायचं. सुताराला बोलावून ते तासून घेतलं, तर थंडीत त्याच फटीतून वारा यायला लागला आणि सासरे म्हणाले, सुताराला अक्कल नाही. सासूबाई गेल्यापासून त्यांना टोकणारं कुणी उरलं नव्हतं. नवरा टोकणाऱ्यातला नव्हताच. मला त्या माणसाचा मनापासून राग यायचा. अजून आठवलं तरी येतो.

दरवर्षी मी चडफडत गप्प बसायचे, पण गेल्या उन्हाळ्यात माझी गोष्ट वेगळी होती. आसेगावला वडिलांनी माझ्या नावे केलेलं तीन एकर वावर आहे. लग्न झाल्यापासून ते बटईनं, म्हणजे पिकाच्या निम्म्या वाट्यावर, दिलेलं. पीक बटईदार काढणार, त्याच्याशी बोलणार सासरे, आणि माझी फक्त सही. त्या वर्षी मी सांगून टाकलं, वावर मी स्वतः पेरणार, आणि तेही घरच्या बियाण्यानं. हिश्श्यात आलेल्या सोयाबीनचे तीन कट्टे, म्हणजे तीन पोती, मी निवडून, चाळून बाजूला काढले होते.

सासरे हसले. "उगोलं त पेर. नाही उगोलं त वावर पुन्हा बटईनं. मंग रडू नोको."

नवऱ्यानं मोबाइलमधून डोकं न काढता मान हलवली. म्हणजे ठरलं.

कट्टे मी मधल्या खोलीत ठेवले. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर दूर, एकावर एक नाही. पण मधली खोली बैठकीला लागून. एप्रिलमध्ये एके दिवशी तिथल्या भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके दिसले. कट्ट्यांना हात लावला तर तेही गार, दमट. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच बाजारात गेले, जाड प्लास्टिक आणलं आणि कट्टे गच्च गुंडाळून सुतळीनं आवळले. प्लास्टिक दोघांनाच पुरलं. तिसरा मी स्वयंपाकघराच्या दाराशी तसाच उघडा ठेवला, म्हटलं याचं नशीब. दोन तर वाचले.

मेच्या शेवटी उगवण तपासायला घेतली. प्रत्येक कट्ट्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडायचं. शंभरातले सत्तर तरी उगवले पाहिजेत. पाचव्या दिवशी गुंडाळलेल्या कट्ट्यांच्या दोन गुंडाळ्या उघडल्या. एकीत अठ्ठावीस मोड, दुसरीत तेहतीस. बाकीचे दाणे बुळबुळीत, कुबट वासाचे.

तिसरी गुंडाळी उघडायला मी थांबलेच नाही. दोन्ही गोणपाटं उचलली आणि बैठकीत सासऱ्यांच्या पलंगासमोर आपटली.

"घ्या, मामाजी! हा तुमचा गारवा! माह्या वावराचं वाटोळं केलं तुमी!"

आणखी पुष्कळ बोलले. दहा-बारा वर्षांचं साठलेलं बोलले, पोपड्यांपासून दारापर्यंत. ते पलंगावरून उतरले. चष्मा लावला, खाली उकिडवे बसले आणि बोटानं एकेक दाणा मोजला. मग पुन्हा मोजला. उठले, कूलरची पिन काढली. फटीतलं धोतर ओढलं. एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. भट्टीसारखी झळ आत आली आणि ते डोक्यावर ओला पंचा घेऊन त्या झळेतच बसले. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी अंगण झाडताना तिसरी गुंडाळी हाताला लागली. उघडली. पांढरे, सरळ, टपोरे मोड. मोजले, एक्याऐंशी. पुन्हा मोजले, तेवढेच.

तोही कट्टा त्याच घरात, त्याच कूलरच्या ओलीत होता. फरक एवढाच, की त्याला मी बांधलं नव्हतं. दमट झालेले कट्टे मी वाळवले नाहीत, उघडून पाहिले नाहीत. रागाच्या भरात ओल आतच कोंडली आणि वर गाठी मारल्या. सासरे खोलीचं जे करत होते, तेच मी कट्ट्यांचं केलं होतं.

आतून सासऱ्यांचा आवाज आला. "तिसऱ्याचं काय झालं वं?"

"तेबी तसंच," मी म्हणाले.

ते मोड मी शेजारच्या बकरीपुढे झटकले. तो चांगला कट्टा दोन खराब कट्ट्यांबरोबर बाजारात नेऊन विकला.

दोन दिवस सासरे नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वावर तूच पेर. बटईदाराले मी सांगतो. बियान्याचं मी पाह्यतो." आणि सकाळच्या एसटीनं मला घेऊन किन्हीराजाला त्यांच्या पुतण्याकडे निघाले. आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेला माणूस, पुतण्याच्या ओसरीवर बियाणं मागायला बसला. त्यांच्या पाठीवर घामोळं उठलं होतं, सदरा ते सारखा चिमटीनं उचलत होते. कूलर त्यांनी पुन्हा लावलाच नव्हता.

पुतण्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणि पेला आणला. म्हणाली, "काहून जी काकाजी, घरी त होतं म्हणे यंदा बियानं?"

"होतं न बाई. हिनं लय जपलं होतं," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "म्याच मारलं. गारव्याच्या नादात."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातातून पेला घेतला आणि सासऱ्यांना पाणी दिलं.