पानांचे उजवे कोपरे

भिंगरी हे तिला वडिलांनी ठेवलेलं नाव, आणि ते तिने आजवर इमानेइतबारे सार्थ केलं. लाँड्रीत इस्त्री करतानाही तिचा एक पाय ताल धरून असायचा. एका जागी बसायची ती फक्त अकॉर्डियन मांडीवर घेतल्यावर, तेही वाजवण्यापुरती.

अकॉर्डियन वडिलांचं आणि नोटेशनचे कागदही त्यांचेच. ते एका हॉटेलच्या जेवणघरात वाजवायचे. बोटाला थुंकी लावून पान उलटायची त्यांची खोड हिनेही उचलली. दोघांच्या थुंकीने पानांचे खालचे उजवे कोपरे झडून गेले आणि त्यांच्याबरोबर शेवटच्या ओळीतले थोडे सूरही गेले. तिचं काही अडलं नाही. बोटांना सगळं पाठ होतं.

अडलं ते खांद्यापाशी. सोमवारी ऑपरेशन होतं. "हात वर जाईल, पण हे धूड पुन्हा उचलाल असा शब्द मी देत नाही," असं डॉक्टरांनी सांगितलं. बाइंडरकडून पातळ कागद आणून, खळ शिजवून तिने पानं सांधली. पण त्या कोऱ्या कोपऱ्यांत काय असायचं ते तिच्या बोटांनाच ठाऊक, आणि सोमवारनंतर बोटांचा काय भरवसा? म्हणून तिने नणंदेला बोलावून घेतलं. नणंद शाळेत संगीत शिकवायची. हिने वाजवायचं, तिने पेन्सिलीने लिहायचं.

रविवारी दुपारपर्यंत सगळे कोपरे भरले. एकच राहिला, तोही वडिलांच्या सगळ्यात लाडक्या चालीतला. भिंगरी पहिल्यापासून वाजवत यायची, कोपरा जवळ आला की कान टवकारायची आणि तिथेच बोटं थिजायची.

"वहिनी, लक्ष देऊ नकोस गं. एरवी वाजवतेस तसं वाजव."

"एरवी तू पेन्सिल घेऊन माझ्या बोकांडी बसलेली नसतेस!"

ती उठली, पाणी प्यायली, पुसलेलं कपाट पुन्हा पुसलं, परत बसली. पुन्हा तिथेच माती खाल्ली. खांदा ठणकत होता.

"अंदाजाने काहीतरी बसवू या का?" नणंदेने चाचरत विचारलं.

"अंदाजाने? मग ते बाबांचं कसलं?" तिचा आवाज चिरकला. रागाने नव्हे, भीतीने.

नवरा आत मोरीत दाढी करत होता. बस डेपोतला मेकॅनिक. गाण्याशी त्याचं देणंघेणं एवढंच, की लग्नापासून रोज "जरा तो भाता आवर" म्हणायचं. पण चाल अशी अर्ध्यावर लोंबकळत राहिलेली त्यालाही सोसवेना. त्याने शिट्टीवर ती पुढे नेली, अगदी सरळ, एकही सूर न चुकवता. नणंद भराभरा लिहू लागली. शिट्टी मध्येच थांबली आणि क्षणभराने पुन्हा सुरू झाली.

"दादा, मधे का थांबलास? काही विसरलास का?"

"विसरतोय कशाला?" साबणाचं तोंड दाराबाहेर आलं. "तिथे थांबायचंच असतं. ती पान उलटते ना."

भिंगरी त्याच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं हा माणूस वाजवणं संपायची वाट बघतोय, असंच ती धरून चालली होती.

"हे थांबणं मूळ कागदावर नसेल गं," नणंद हळूच म्हणाली. "लिहू?"

"लिही," भिंगरी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.