घंगाळातलं बदक

पोरांनो, तुमच्या घरामागच्या तळ्यात बदकं येतात, असं तुम्ही परवा फोनवर सांगितलंत. ती चालताना पायांचा आवाज येतो का, असं मी विचारलं आणि तुम्ही हसलात. का विचारलं ते लिहिते.

ऐंशीच्या दशकात आम्ही बोरिवलीला तळमजल्यावर राहायचो. मागे फरशीचं छोटं अंगण, नळ आणि तुळस. तुमची आई तेव्हा नुकती कॉलेजात जाऊ लागली होती. गोराईची एक भाजीवाली मावशी होडीने खाडी ओलांडून आमच्या दारी यायची. तिचा शेजारी नाताळात विकायला बदकं पाळायचा, तारेच्या पिंजऱ्यात. त्यातलं एक उभंच राहत नाही, आता कापणार, असं मावशी भाजी निवडता निवडता बोलून गेली. तुमच्या आईने तिचा पिच्छा सोडला नाही. पुढच्या खेपेला टोपलीत लाल माठाखाली ते बदक होतं.

"जगलं तर जगलं, पोरी. मग मला बोल लावू नको," मावशी म्हणाली.

तुमच्या आजोबांनी ताटावरून पाहिलं. "मला मासे मिळणार ना या घरात, की तेही वाचवायचेत?"

तारेने बदकाचे तळवे सोलवटले होते. आम्ही पोतं अंथरलं, जखमांना हळद-तेल लावलं, भिजवलेला कोंडा आणि बारीक चिरलेली पालेभाजी दिली. हळूहळू ते उभं राहू लागलं. पण वास काही जाईना, आणि मला तर घरात वास खपत नसे. म्हणून रविवारी केस धुताना तुमच्या आईने त्यालाही शिकेकाईने स्वच्छ न्हाऊ घातलं आणि मोठ्या घंगाळात पोहायला सोडलं. ते भिजलेल्या गोधडीसारखं खाली जाऊ लागलं.

"आई, हे बुडतंय गं."

मी त्याला उचलून आजोबांच्या पंच्यात गुंडाळलं. ते थरथरत होतं.

"आधी तेल, मग शिकेकाई," आजोबा म्हणाले. "पोरीने क्रम चुकवला."

ते थट्टेत बोलले, पण खरं तसंच होतं. पुढे वाचनालयातल्या पुस्तकात मला सापडलं की बदक शेपटीजवळचं तेल चोचीने सगळ्या पिसांना लावतं, म्हणून ते भिजत नाही. पिंजऱ्यात आंघोळीला पाणीच नसल्याने याची ती सवय गेलेली, आणि उरलंसुरलं तेल शिकेकाईने काढलं. आता ते त्याचं त्यानेच करायला हवं होतं.

रोज सकाळी नळ आला की आधी घंगाळात बोटभर पाणी, मग पिण्याचे हंडे. कधी ते नुसती चोच बुडवायचं. कधी काठावर उभं राहून माझ्याकडे बघायचं. मग एकदा त्याने मान वळवून शेपटीशी चोच घासली, पंखावर फिरवली, पुन्हा घासली. मी हंडा भरायचा विसरले.

काही आठवड्यांनी तुमच्या आईने त्याच्या पाठीवर ओंजळभर पाणी सोडलं. थेंब घरंगळून गेले.

"आई, बघ, अळवाचं पान. आता मावशीकडे सोडायचं ना?"

मावशीच्या घरामागे बावखल होतं, म्हणजे वाडीतलं लहान तळं. अंड्यांसाठी ठेवीन, कापणार नाही, असा तिने शब्द दिला होता.

"पाय अजून कच्चे आहेत," मी म्हणाले.

"कच्चे? दिवसभर तुझ्या मागे स्वयंपाकघरात पळतंय ते."

पळत होतं खरं. ओल्या पायांचा चप चप आवाज ओट्यापर्यंत यायचा आणि माझ्या टाचांशी थांबायचा.

शेवटी आम्ही दोघी त्याला टोपलीत घालून होडीने गेलो. तुमच्या आईने त्याला काठावर ठेवलं. ते जराही घुटमळलं नाही. पाण्यात उतरलं आणि सरळ पलीकडे गेलं, पाठ कोरडी, मान ताठ. मी मुठीत कोंडा धरून उभी होते.

"चल ना गं आई, होडी सुटेल."

दुसऱ्या दिवशी नळ आला तेव्हा मी आधी घंगाळातच पाणी घातलं. आजोबांनी पाहिलं. ते पाणी त्यांनी तुळशीला घातलं.

पुढे तुमची आई तुमच्या देशात गेली, त्यानंतरही कितीतरी सकाळी मी तिचा चहा गाळून ठेवायचे. तो मात्र आजोबा पिऊन टाकायचे.

तेव्हा पोरांनो, तळ्याकाठी एकदा गप्प उभे राहा. बदक काठच्या फरशीवरून चालत गेलं की ऐका, आणि मला कळवा.