मोटेचा नाडा

लग्नाआधी मी मुंबई बंदराजवळ वाढले. वडील तिथे नोकरीला होते, मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं होतं. धक्क्यावर नेलं की ते माझं मनगट सोडत नसत. जहाज बांधलेला दोर ताणला की त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, हे त्यांनी बजावलेलं. असा दोर तुटला की टोकं उलटी झेपावतात. दिसायच्या आत लागलेली असतात. त्यात पाय गेलेला एक खलाशी मी पाहिला होता.

मग मला निजामाच्या मुलखात, धारूरला दिलं. तिथे विहिरीवर मोट होती. बैल उताराला लागले की भाया, म्हणजे माझे थोरले दीर, मोट ओढणाऱ्या ताणलेल्या जाड दोरावर, नाड्यावर, टुणकन बसत. वजनानं भरली मोट सहज वर येई. मोट हाकणारे सगळेच तसे बसत. मी खाली मानेनं धुणं धूत ते बघायची, आणि तो खलाशी आठवायचा. सुनेनं भायांशी बोलायचं नसतं.

एकदा चाकापाशी नाड्याचा एक पेड तुटून उलगडताना मला दिसला. भाया नुकते बसले होते. त्यांची बायको, माझ्या जाऊबाई, शेजारीच धुणं धूत होत्या.

"जाऊबाई, त्यांना उतरायला सांगा. नाडा तुटतोय."

"मी कशी हाक मारू गं त्यान्ला? पल्याड गडी हायेत. आन् हितं काय तुझं जहाज बांधलंय व्हय?" त्या हसल्या. "लईच भ्या वाटत आसंल तर बैलाला सांग. बैल काय तुझा भाया न्हाई."

दुसरा पेड सुटला. मी पदर तोंडावर ओढला आणि ओरडले, "अरे बैला, थांब! नाडा तुटतोय! उतरा!"

भायांनी दचकून बाजूला उडी मारली. बैल थोडे पुढे गेले, आणि नाडा तुटला. ते बसले होते तिथून टोक सणसणत गेलं. मोट विहिरीत आदळली. एका बैलाच्या पाठीवर हातभर वळ उठला. भाया त्या वळावर तळवा ठेवून उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "सुनंचा आवाज शिवारभर गेला. गडी काय म्हनले आसतील? उद्यापास्नं हिरीवर जायचं न्हाई."

भाया जेवत होते. त्यांनी एक शब्द बोलावा म्हणून मी दाराआड थांबले. त्यांनी भाकरी मोडली, कालवणात कुस्करली.

नव्या नाड्यावर ते बसू लागले की नाही, मला कधी कळलं नाही.