ब्याण्णव टक्क्यांचा बोर्ड

फौजेनं हिंदुराव सुभेदारांना एक गोष्ट पक्की शिकवली होती. हुकूम एकदा सुटला की माघारी घ्यायचा नाही. पेन्शनीवर आष्ट्याला आल्यावर त्यांच्या हुकमात उरली दोनच माणसं, बायको मंगल आणि एकुलती एक लेक क्रांती. म्हैसही होती, पण ती ऐकत नसे.

बारावीचा निकाल दुपारी लागतो. त्यानंतर फ्लेक्सच्या दुकानात अशी झुंबड उडते की आपला बोर्ड चौकात चढेपर्यंत भावकीचे पेढे वाटून झालेले असतात. आदल्या साली चुलतघरचा पृथ्वीराज एक्याण्णव टक्के घेऊन असाच चौकात झळकला, तेव्हापासून सुभेदारांच्या पोटात दुखत होतं. म्हणून यंदा त्यांनी आदल्या दिवशीच बोर्ड छापून घेतला. क्रांतीचा हात बांधून उभा फोटो, कडेला शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग आणि मधोमध 'ब्याण्णव टक्के'. तेवढे पडतीलच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. जिला पाडायचे होते तिला कुणी विचारलं नाही. सकाळी बोर्ड चढला, दुपारी निकाल लागला. चौसष्ट.

"आवं, उतरवा की त्यो बोर्ड," मंगल म्हणाली. "अजून कुणी नीट वाचला बी नसंल."

"चढवल्याला बोर्ड उतरवायचा? भावकी तोंडावर हसंल," म्हणत सुभेदार उठले आणि पेढे आणायला गेले.

सांजेला हुकूम निघाला. क्रांती पुण्याला इंजिनिअरिंगला चाललीय, असं गावभर सांगायचं. प्रत्यक्षात तिनं सांगलीत विश्रामबागेत खोली घेऊन राहायचं, श्रेणीसुधारला बसायचं, म्हणजे सगळे पेपर पुन्हा पहिल्यापासून द्यायचे, आणि बोर्डावरचे मार्क खरे करून आणायचे. "एकदा ब्याण्णव पडलं की खोटं काय ऱ्हात न्हाई," असा सुभेदारांचा हिशेब होता. मंगलनं मान हलवली. त्या घरात तिची मान तेवढ्याच कामाची होती.

निघण्याआधी गल्लीतल्या मंडळानं गुणवंतांचा सत्कार ठेवला. क्रांतीला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि वर 'अभ्यास कसा केला' यावर दोन शब्द बोलायला लावलं. तिनं पृथ्वीराजच्या गेल्या सालच्या भाषणातली वाक्यं आठवतील तशी म्हटली. पहिल्या रांगेत बसलेली धाकटी चुलत बहीण साक्षी हाताला मुंग्या येईस्तोवर टाळ्या वाजवत होती. त्या टाळ्यांची क्रांतीला जन्माची शिसारी बसली. शाल मात्र सुभेदारांनी घडी घालून कपाटात ठेवली.

विश्रामबागेत ती तोंडाला स्कार्फ बांधून हिंडायची. सांगलीत गाडीवरच्या निम्म्या पोरीबाळी धुळीला भिऊन तोंड बांधतात. ही आष्ट्याच्या माणसांना भिऊन बांधायची. दिवाळीला घरी यायचं तर त्यालाही कवायत होती. सांगलीची गाडी आष्ट्यावरूनच पुढं जाते, पण तिनं आष्ट्यात उतरायचं नाही. तोंड झाकून, खिडकीतून स्वतःचंच घर मागं जाताना बघत सरळ पुण्याच्या हायवेवरचा पेठ नाका गाठायचा आणि तिथून पुण्याकडून आल्यासारखं माघारी यायचं. गाडी चौकातून जाताना तिला वर आपलाच फोटो दिसला. तो निवांत हसत होता.

अभ्यास मात्र तिनं जीव तोडून केला. इंजिनिअरिंगशी तिला काही देणंघेणं नव्हतं. बापानं एकदा, फक्त एकदा, तिच्या तोंडाकडं बघून शाब्बास म्हणावं, एवढ्यासाठी ती पोर रसायनशास्त्र घोकत होती. पेपरला तिच्या बाकामागं तिच्यापेक्षा लहान पोरी बसल्या, मेसच्या आमटीनं पोट बिघडलं, पण एकही पेपर तिनं सोडला नाही.

मे महिन्यात निकाल लागला. अठ्ठ्याऐंशी.

खोलीत ती एकटीच होती. मोबाइलवरचा आकडा तिनं मोठ्यानं वाचला, मग रडली, मग हसली. आता लपवायचं काय, म्हणून स्कार्फ पिशवीत कोंबला आणि उघड्या तोंडानं सांगलीच्या गाडीतून थेट आष्ट्याला उतरली. घरापर्यंत ती जवळजवळ पळतच आली आणि दारातूनच तिनं बापाला हाक मारली.

"दादा, अठ्ठ्याऐंशी पडलं! माझं मी पाडलं!"

मंगल डब्यातली साखर घ्यायला आत धावली. सुभेदारांनी लेकीकडं बघितलं नाही. त्यांनी गोठ्याकडं बघितलं. दिवाळीनंतर चौकातून काढून आणलेला बोर्ड तिथं छपरावर पालथा न घालता सुलटाच अंथरला होता. म्हशीच्या डोक्यावर क्रांतीचा फोटो आणि ब्याण्णव टक्के, अजून रंगही गेला नव्हता.

"चार कमीच पडलं की गं," ते म्हणाले.

"कमी? दादा, आदी चौसष्ट हुतं."

"चौसष्ट म्हाइत कुणाला हाय? लोकांस्नी ब्याण्णव म्हाइत हाय. आता ह्ये अठ्ठ्याऐंशी कुटं बी बोलू नगंस." मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. "तू आलीस कशानं?"

"सांगलीच्या गाडीनं."

"तोंड उघडं ठिवून? कुणी बघितलं का?"

क्रांतीनं हातातली पिशवी खाली ठेवली. मंगल साखरेची मूठ घेऊन दारात थांबली होती.

"तशीच पेठ नाक्याला जा," सुभेदारांनी हुकूम सोडला, "आन् पुण्याच्या गाडीनं माघारी ये. मग बघू जेवणाचं."

मंगलनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा लेकीकडं. मग मुठीतली साखर परत डब्यात टाकली, पिशवीत हात घालून स्कार्फ बाहेर काढला आणि स्वतःच्या हातानं लेकीच्या तोंडाला बांधला.