दुसरी फेरी

हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ रविवारी कऱ्हाडच्या धावपट्टीवर शाळेतल्या मुलांना विमानातून फुकट फिरवून आणत. मी कुंडलच्या शाळेत शिकवते. एकदा दहावीच्या मुलींना घेऊन गेले होते. विमान छोटं, दोघांपुरतं. प्रत्येक मुलीला घेऊन ते आधी विमानाभोवती चक्कर मारायचे आणि बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा पंखावरून हात फिरवायचे. बोलणं कमीच.

मेंढपाळाघरची एक मुलगी सगळ्यांत उतावीळ होती. वडिलांच्या मागे लागून तिनं परवानगी मिळवली होती. पण तिला घेऊन वर गेलेलं विमान लगेच परत उतरलं. ती रडत बाहेर आली. बाकीच्या हसल्या.

"आता घरी काय सांगू, बाई? आप्पा म्हनतील, म्या सांगितलंच हुतं."

ते गृहस्थ जवळ आले. "रडतेस कशाला? भीती वाटली, तू सांगितलंस, मी विमान वळवलं. मला हे सांगायला जमेपर्यंत वर्षं गेली. तोवर नुसता दात आवळून उडायचो."

मग विचारलं, "परत जायचं?"

तिनं डोळे पुसले. "व्हय. पर मी म्हनलं की खाली आना."

"लगेच."

या वेळी विमान बराच वेळ वर राहिलं. उतरल्यावर ती स्वतःच दार उघडून बाहेर आली. मघाशी मोठ्यानं हसलेल्या मुलीचा आता नंबर होता. ती माझा हात सोडेना. तिला ही म्हणाली, "भ्या वाटलं तर सांग गं. काका हसत न्हाईत."