स्थानिक नाव: सावित्री

आमचे हे, म्हणजे महिपत, मोरव्याच्या मिठागरात चाळीस वर्षं राबले. आगर बंद पडलं, वाफ्यांत गवत आणि झुडपं माजली, तरी सकाळी उठून हे जायचे ते जायचेच. काय करता तिथे, असं विचारलं तर म्हणायचे, "गाववाल्यांना भेटून येतो." गाववाले कसले, पाखरं ती! प्रत्येक पाखराला ह्यांनी गावातल्या कुणाचं ना कुणाचं नाव देऊन ठेवलंय. तास न् तास जागचा न हलणारा बगळा तो आत्माराम, कारण आमचे शेजारी आत्माराम रेशनच्या रांगेत तसेच उभे असतात. लांब लाल पायांचा शेकाट्या ती नवी नवरी, साडी वर धरून चिखलातून चालणारी. आणि माणूस दिसला रे दिसला की कलकलाट करणारी टिटवी ती सावित्री.

सावित्री माझी थोरली जाऊ. मी रत्नागिरीची, लग्न होऊन आले तेव्हा पहिला धसका घेतला तो तिच्या आवाजाचा. पण सासूबाई गेल्या तेव्हा हे सहा वर्षांचे होते, आणि ह्यांना वाढवलं ते तिनेच. पुढे तिला स्वतःची चार झाली, तरी हे तिच्याच ताटात जेवायचे. अजूनही दर रविवारी तिच्याकडून सुकटीच्या चटणीची वाटी येते. माझ्या हाताला चव नाही, हा टोमणाही त्याच वाटीबरोबर येतो.

तर झालं असं. जेसल पार्कच्या मिनल मॅडम पक्षी मोजायला येतात. त्यांनी ह्यांना वाट दाखवायला बरोबर घेतलं आणि टिटवीकडे बोट करून विचारलं, "काका, हिचं स्थानिक नाव काय?" ह्यांना वाटलं, आपण स्वतः हिला काय म्हणतो ते विचारतायत. "सावित्री," हे म्हणाले. बाईंनी लिहून घेतलं. महिन्याभराने बांधावर फोटोसकट बोर्ड लागला: टिटवी. स्थानिक नाव: सावित्री. फार आरडाओरडा करते. जमिनीवर चार अंडी घालते.

बोर्डाचा फोटो गावभर फिरला. पोट धरून हसले लोक. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण रविवारी वाटी आली नाही. ह्यांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली. "वहिनीला लागलं असंल," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मला इतका राग आला आणि इतकी कीव आली की काय सांगू. शेवटी मिनल मॅडमना फोन केला. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. बुधवारी येऊन नाव पुसते म्हणाल्या.

मंगळवारी संध्याकाळी जाऊबाई स्वतः दारात. "उद्या मला ने. बघू तरी मी कशी दिसते."

बुधवारी आम्ही तिघं बांधावर पोचतो न पोचतो तोच टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. मग खाली उतरली आणि पंख मोडल्यासारखी फरफटत दूर जायला लागली.

"हिला काय झालं?" जाऊबाईंनी विचारलं.

"काय न्हाय. तिकडं अंडी हायत. आपल्याला लांब नेतेय," हे म्हणाले. मग जरा थांबून, खाली बघत म्हणाले, "मी लहान असताना बांध फोडला व्हता. मुकादम काठी घेऊन आला, तेव्हा तू आख्खं आगर डोक्यावर घेतलं व्हतंस. काठी टाकून गेला तो. म्हणून तुझं नाव दिलं, वहिनी. चेष्टा न्हाय केली."

जाऊबाई त्या फरफटणाऱ्या टिटवीकडे बघत राहिली. तेवढ्यात मिनल मॅडम पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आल्या. "सॉरी हां काकी, नाव आत्ता पुसते."

"नाव राहू दे," जाऊबाई म्हणाली. "पण खाली चार लिवलंय, ते चुकीचं हाय. पाच कर."